मोयनाक, मावळतीकडे तोंड करून

सहा वाजून दहा मिनिटांनी
मी तिवई रोवली जुन्या समुद्रात.
पायाखाली शिंपले, करंगळीच्या नखाएवढे,
भाजल्या पापडासारखे मोडत होते.
पाणी इथून किती लांब गेलं?
तोलिबाय म्हणाला, आकडा दरवर्षी बदलतो,
त्याने सांगायचं सोडून दिलंय.

समोर गंजक्या होड्या, ओळीने.
त्या अशा ओळीत मेल्या नव्हत्या,
कुणीतरी नंतर आणून लावल्यात,
आमच्यासारख्यांना बरं पडावं म्हणून.
एकीच्या पोटातल्या भोकातून
प्रकाश आरपार येत होता.
मला तेच हवं होतं.

माझ्याकडे असे सूर्यास्त पुष्कळ आहेत.
नामिबियातला, वाळू तोंडात गेलेला.
लोफोटेनचा तर झालाच नाही :
जूनमधली रात्र, दीड वाजेतो काकडत बसले,
आणि तो डोंगरापाशी नुसता टेकला, परत वर चढला,
अंथरुणात पाठ लावून उठणाऱ्या पोरासारखा.
सगळे एका काळ्या डबीत आहेत, चार टेराबाइट,
वर चिकटपट्टीवर माझं अक्षर : ‘मावळती’.
लोणच्याच्या बरणीवर लिहितात तसं.
आई विचारते, यातला कुठला कुठला ते
तुला तरी ओळखता येतं का गं?

तोलिबाय सारखा चौकटीत यायचा.
जरा डावीकडे, मी हाताने म्हणायची.
तो दोन पावलं सरकायचा
आणि पुन्हा तिथेच,
कपाळावर आडवा पंजा धरून.

उजेड पिकायला अजून वेळ होता, म्हणून
माझ्या मोडक्या रशियनमध्ये विचारलं :
तुम्ही लहान असताना, पाणी असताना,
काय दिसत असेल ना इथून!
तो बराच वेळ गप्प राहिला.
मला वाटलं, क्रियापद चुकलं.

मग म्हणाला, ठाऊक नाही.
रोज यायचो आम्ही. अख्खी गल्ली यायची.
पण होड्या त्याच बाजूने परत यायच्या
आणि हा नेमका मध्ये. डोळ्यांत.
आई शिव्या द्यायची त्याला.
आम्ही होड्या मोजायचो.
चौदा गेल्या, की चौदा.
हा एकदाचा बुडाला की बरं वाटायचं,
मग कंदील दिसायला लागायचे.

त्याच्या बोलीत सूर्याला म्हणतात क्यून,
आणि दिवसालाही क्यूनच.
मी सांगितलं, आमच्याकडेही म्हातारी माणसं म्हणतात,
दिवस बुडाला.
त्याला हे आवडलं असावं.
त्याने जीपच्या टपावर एकदा थाप मारली.

एवढ्यात उजेड पिकला.
होडीचं भोक भरून आलं,
गंज हळदीचा झाला, मग कुंकवाचा,
बोटं आपोआप चालत राहिली.
त्रेचाळीस वेळा.
शेवटच्या काहींत मी काय पाहत होते
ते मला सांगता येणार नाही.
मीही डोळे बारीक करून
त्याच्या मागे काही आहे का बघत होते.

मग संपलं. मी काच पुसली,
तिवईचे पाय मिटले, पिशवीची चेन लावली.
तोलिबाय हलला नाही.
थांब, म्हणाला,
आता तर दिसायला लागेल.

आम्ही बॉनेटवर बसलो.
इंजिन अजून कोमट होतं.
साक्साउलची झुडपं आधी जांभळी,
मग नुसती झुडपं, मग नव्हतीच.
थंडी मिठातून वर येत होती.
मी कॅमेरा काढला नाही.
काढून तरी काय,
पडद्यावर काळं आणि त्यात थोडं कमी काळं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.
लांबवर, जिथे पाणी असायला हवं होतं तिथे,
एक दिवा लागला. तांबूस, थरथरता.
माझा हात त्याच्या बाहीवर गेला.

गॅसवाले, तो म्हणाला,
आणि थर्मासचं झाकण फिरवून
आधी माझ्या पेल्यात चहा ओतला.